टक्केवारीवाल्या गृहस्थांना नाही सांगा, ताई

वाचकाचं पत्र :

“आमचं कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. शाळेचे ड्युअल (दोन मुलांचे) डेस्क, लोखंडी कपाटं, रॅक बनवतो. मी, माझे मिस्टर आणि सहा कामगार. उद्यम (लघुउद्योगाची सरकारी) नोंदणी माझ्या नावावर आहे. गेल्या दोन वर्षांत चार सरकारी टेंडरं भरली, एकही लागलं नाही. दोनदा तांत्रिक लिफाफ्यातच (दर उघडण्याआधी कागद तपासतात तिथंच) बाद झालो, एकदा दरात गेलो, एकदा काय झालं ते कळलंच नाही. टेंडर भरायचं काम एक सायबरवाला करतो, डिजिटल सहीचं टोकनही त्याच्याकडेच असतं. आता एक गृहस्थ भेटलेत. म्हणतात, ‘आठ टक्के द्या, ४०० डेस्कची ऑर्डर तुमच्या नावावर काढून देतो.’ दुसऱ्या एका कामात आमच्या लेटरहेडवर ‘सपोर्टचं’ कोटेशनही मागताहेत. मिस्टर म्हणतात, सरकारी कामात पैसे अडकतात, नादी लागू नकोस. छोट्या माणसाला सरकारी काम खरंच मिळतं का? आणि या गृहस्थांना काय सांगू?”

— एक वाचक, सांगली जिल्हा

ताई, सप्रेम नमस्कार.

छोट्या माणसाला सरकारी काम मिळतं. कुठलीतरी निविदा ‘मॅनेज’ झालेली असते हेही खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण तुमच्या चारपैकी निदान दोन निविदा कुणी मॅनेज केल्या म्हणून गेलेल्या नाहीत. त्या कागदात गेल्या, आणि कागद आपल्या हातात असतो. मिस्टरांची भीतीही खोटी नाही. म्हणून आधी त्या गृहस्थांचा हिशेब करू, कारण त्यात तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आहेत.

दराचा आकडा तुम्ही लिहिलेला नाही, म्हणून मी धरून चालते. समजा एक डेस्क तुम्हाला वर्कशॉपच्या दारात ३,१०० रुपयांना पडतो : पाइप, बोर्ड, वेल्डिंग, पावडर कोटिंग, मजुरी, वीज सगळं धरून. तुम्ही जीएसटी सोडून ३,६०० दर भरला. ४०० डेस्कचे १४,४०,००० रुपये. खर्च १२,४०,०००. वरवर पाहिलं तर २ लाख सुटतात. आता डेस्क तुमच्या दारात घ्यायला कुणी येत नाही. पाचपाच, दहादहा करून चाळीस शाळांत पोचवायचे, तिथं हमाली द्यायची. डेस्कमागे ९० रुपये धरा, ३६,००० गेले. बिल पाच महिन्यांनी निघालं आणि कॅश क्रेडिटवर (बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जावर) १२ टक्के व्याज असेल, तर १२.४ लाखांवर ६२,००० व्याज. पुढे जीएसटी. १८ टक्क्यांनी तो २,५९,२०० होतो. काही पत्रा-पाइप घेताना तुम्ही आधीच भरलेला असतो, उरलेला बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा. ऑफिसनं तुम्हाला पैसे दिले की नाही, हे जीएसटीवाले विचारत नाहीत. तेवढ्या रकमेचं पाच महिन्यांचं व्याज सुमारे १३,०००. सुरक्षा अनामत ५ टक्के असेल तर ७२,००० वर्षभर अडकले, त्याचं व्याज ८,६०० च्या आसपास.

आता वजाबाकी करा. २ लाखांतून हे सगळं गेलं की हातात ८०,००० रुपये उरतात. आणि त्या गृहस्थांचे आठ टक्के म्हणजे १,१५,२००. म्हणजे तुम्ही आठ महिने राबून, घरचे दागिने बँकेत ठेवून, ३५,००० रुपये पदरचे घालून त्यांना सव्वा लाखाला थोडे कमी पैसे पोचवणार. हा तोटा मग कुठून भरून काढायचा? पाइप पातळ वापरून, १८ गेजच्या जागी २० गेजचा, म्हणजे पातळ पत्रा लावून, कोटिंगच्या आधी गंज धुण्याचं काम टाळून. चौथीतलं पोर त्या डेस्कवर बसणार आणि दोन पावसाळ्यांत वेल्ड सुटणार. तुम्ही अशा कामासाठी वर्कशॉप काढलेलं नाही, हे तुमच्या पत्राच्या भाषेवरून मला दिसतं.

पैशांचा भाग बाजूला ठेवला तरी कायद्याचा भाग राहतोच. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून लाच घेणाऱ्याइतकाच देणाराही गुन्हेगार आहे. मध्यस्थामार्फत दिली म्हणून सुटका नाही. कुणी जबरदस्तीनं द्यायला लावली असेल, तर सात दिवसांच्या आत कळवावं लागतं, तरच संरक्षण मिळतं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४ आहे. तो फोनमध्ये असू द्या.

आणि ते ‘सपोर्टचं’ कोटेशन. ताई, हे तर अजिबात देऊ नका. आपल्याकडे ते इतकं सर्रास चालतं की लोकांना त्यात काही वावगंच वाटत नाही : तीन दरपत्रकं हवीत, एक खरं, दोन भरतीची. पण स्पर्धा कायदा, २००२ प्रमाणे संगनमतानं दर भरणं हा गंभीर प्रकार आहे, आणि त्यात नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो, दरवर्षाचा वेगळा. शिवाय ऑफिसनं काळ्या यादीत टाकलं तर पुढच्या प्रत्येक निविदेत ‘आम्ही काळ्या यादीत नाही’ हे प्रतिज्ञापत्र तुम्ही देऊ शकणार नाही. ज्याचं काम त्याला मिळेल, लेटरहेड मात्र तुमचं सापडेल.

आता टोकनबद्दल. पत्र वाचताना मी इथंच थांबले. डिजिटल सही ही कायद्यानं तुमची सही आहे. त्या टोकनवर आणि पिनवर जे काही चढेल, ते तुम्ही केलं असंच धरलं जाईल. त्या सायबरवाल्याच्या ड्रॉवरमध्ये तुमच्यासारख्याच आणखी चार फर्मची टोकनं पडलेली असणार. म्हणजे तुमचा दर त्याला आदल्या रात्री माहीत. पाच फर्मची टेंडरं एकाच कॉम्प्युटरवरून गेली, तर चौकशीत ते उघडंही पडतं, आणि मग तुमचा काही संबंध नसताना तुम्ही ‘रिंग’मध्ये, म्हणजे संगनमत करणाऱ्यांत धरल्या जाता. हे पत्र वाचून झाल्यावर पहिलं काम तेवढंच करा. टोकन घरी आणा, पिन बदला, वैधता कधी संपते ते बघा. क्लास ३ चं, सही आणि एन्क्रिप्शन दोन्ही असलेलं टोकन लागतं. भरायचं कसं हे तुमच्या मुलांपैकी कुणी किंवा तुम्ही स्वतः चार संध्याकाळी बसून शिकू शकता, ते फार अवघड नाही.

महाटेंडर्सच्या, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन निविदांच्या पोर्टलवर नेमकी गडबड कुठं होते ते सांगते. दराची जी एक्सेल फाइल उतरवून घेतो, तिचं नाव बदलायचं नाही, तिच्यात रांगा-रकाने वाढवायचे नाहीत, फक्त रंगीत चौकोनांत आकडा टाकायचा. हौसेनं फाइलला आपल्या फर्मचं नाव दिलं की पोर्टल ती घेत नाही. दर जीएसटीसह मागितला आहे की सोडून, हे वरच्या टिपेत लिहिलेलं असतं. ते न वाचता अठरा टक्के उलटसुलट झाले की एकतर काम जातं, नाहीतर लागतं आणि बुडवतं. बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत) चलनानं एनईएफटी करणार असाल तर दोन दिवस आधी करा, कारण पैसे पोचल्याची नोंद पोर्टलवर दिसल्याशिवाय पुढं जाता येत नाही. वेळ पोर्टलच्या घड्याळाची चालते, आपल्या मनगटावरची नाही. आणि सगळं चढवल्यावर ‘फ्रीझ बिड सबमिशन’ हे बटण दाबून पावती हातात आली तरच निविदा गेली. कागद चढले, पैसे कापले, पण हे शेवटचं बटण राहिलं, अशा माणसाला नंतर वाटत राहतं की आपलं नाव मुद्दाम वगळलं. तुमची ती चौथी, ‘काय झालं ते कळलंच नाही’वाली निविदा कदाचित अशीच असेल. सायबरवाल्याकडे त्या निविदेची पावती मागा. पावती नसेल तर उत्तर मिळालं.

बाकीच्या तीन निविदांचं काय झालं तेही शोधून काढता येतं. पोर्टलवर ‘टेंडर स्टेटस’मध्ये निविदा क्रमांक टाकला की कोण पात्र ठरलं, कोण बाद झालं, दर काय आले, हे बऱ्याच निविदांबाबत बसल्या जागी दिसतं. तिथं नसेल तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत (आपल्या राज्याच्या नियमात ही मर्यादा आहे, लांबलचक तक्रार लिहिली की अर्ज परत येतो). मागायचं एवढंच : ‘निविदा क्रमांक अमुकमधील तांत्रिक मूल्यमापन अहवाल आणि दरांचा तुलनात्मक तक्ता यांच्या प्रती.’ तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हे भांडणासाठी मागायचं नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत जिल्ह्यात ड्युअल डेस्क कुठल्या दरानं गेले, कुणाला गेले, किती जणांनी भरले, हा तक्ता तुमच्याकडे असला तर पुढचा दर तुम्ही अंदाजानं भरणार नाही. बाजारात असला तक्ता विकत देणारेही भेटतात. तोच तक्ता दहा रुपयांच्या अर्जावर मिळतो.

तांत्रिक लिफाफ्याबद्दल माझा अनुभव असा की छोटे उद्योजक पात्रतेच्या अटी शेवटी वाचतात. आधी सामानाचं वर्णन वाचतात, ‘हे तर आपण बनवतोच’ म्हणून खूश होतात, आणि मग आठव्या पानावर तीन वर्षांची उलाढाल आणि पूर्वीच्या पुरवठ्याची अट निघते. उलटं करा. पहिल्यांदा अटी वाचा. अनेक निविदांत अशी अट असते की मागच्या काही वर्षांत या कामाच्या अंदाजित किमतीच्या ८० टक्क्यांचा एक पुरवठा, किंवा ५० टक्क्यांचे दोन, किंवा ४० टक्क्यांचे तीन पुरवठे केलेले असावेत. तुमच्याकडे आज सर्वांत मोठा सरकारी किंवा निमसरकारी आदेश किती रुपयांचा आहे? समजा चार लाखांचा आहे. तर तुमच्या आवाक्यातली निविदा पाच लाखांची आहे, पंधरा लाखांची नाही. मग पुढच्या वर्षी आठची, त्याच्या पुढच्या वर्षी दहाची. हे सावकाश वाटेल. पण एक शाळा व्यवस्थापन समिती, एक ग्रामपंचायत, एक शिक्षणसंस्था असे तीन आदेश व्यवस्थित पुरे करून ‘पुरवठा समाधानकारक’ असं तारखेचं, शिक्क्याचं प्रमाणपत्र घेतलं, की अनुभवाचं कारण देऊन बाद करायची जागा कमी होते. काम पुरं झालं की लगेच, साहेब बदलून जायच्या आत, हे प्रमाणपत्र मागून घ्या. नंतर मिळत नाही.

कागदांची एक फाइल कायम तयार ठेवा : पॅन, जीएसटी, उद्यम, तीन वर्षांची विवरणपत्रं, सीएचं उलाढालीचं प्रमाणपत्र (त्यावर यूडीआयएन, म्हणजे प्रमाणपत्र खरं आहे हे पडताळायचा क्रमांक हवा), पुरवठ्याचे आदेश आणि त्यांची प्रमाणपत्रं, प्रतिज्ञापत्र. पोर्टलवर नेहमीचे कागद आधीच चढवून ठेवायची सोय आहे, ती वापरा. प्रतिज्ञापत्राचा मसुदा निविदेत दिला असेल तर अक्षरशः तोच घ्या. मुद्रांकाच्या रकमेकडेही बघा. जुन्या मसुद्यांत अजून शंभर रुपये छापलेले असतात, पण ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक आला. शंका असेल तर त्या ऑफिसला ईमेल करून विचारा. असल्या एका कागदावरून तुमचं वर्ष जायला नको.

आता सवलतींबद्दल, कारण इथं लोक एकमेकांना चुकीचं सांगतात. लघुउद्योगांकडून वर्षाची २५ टक्के खरेदी, त्यातली ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून आणि ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून, हे तुम्ही ऐकलं असेल. ते केंद्र सरकारचं २०१२ चं धोरण आहे आणि केंद्राच्या मंत्रालयांना, विभागांना, सार्वजनिक उपक्रमांना लागू आहे. जिल्हा परिषदेत जाऊन ते दाखवलं तर लिपिक म्हणेल, ‘हे आम्हाला नाही,’ आणि तो बरोबर असेल. राज्याची स्वतःची खरेदीची नियमपुस्तिका आहे. उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयानं ती आली, नंतर तिच्यात सुधारणा होत गेल्या. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर ती मराठीत, फुकट मिळते. उतरवून घ्या आणि लघुउद्योगांचं प्रकरण, बयाणा रकमेचं प्रकरण आणि खरेदीचे तुकडे पाडायला मनाई असलेला भाग तेवढा तरी वाचा. त्या शासन निर्णयाचा क्रमांक घालून लिहिलेलं साधं पत्र, नुसत्या विनंतीच्या दहा पत्रांपेक्षा जास्त काम करतं.

एक गोष्ट नक्की तपासा. तुमच्या उद्यम प्रमाणपत्रावर मुख्य व्यवसाय ‘उत्पादन’ लिहिलाय की ‘व्यापार’? घाईत नोंदणी करताना सायबरवाले काहीही निवडतात. जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही उद्यममध्ये घेतलं आहे, पण फक्त बँकांच्या प्राधान्य कर्जासाठी. खरेदीतल्या सवलती आणि उशिरा मिळालेल्या पैशांवरचं संरक्षण त्यांना नाही. तुम्ही स्वतः डेस्क बनवता, तर ‘उत्पादन’ असायलाच हवं. चुकलं असेल तर दुरुस्ती ऑनलाइन होते, पैसे लागत नाहीत. आणि नोंदणी पुरवठा आदेशाच्या आधीची असू द्या, नंतरच्या नोंदणीवरून कोर्टात वाद होतात.

तुम्ही महिला मालक आहात आणि काम खरोखर तुम्ही बघता, तर केंद्राच्या बाजूलाही डोळे लावा. मिरजेत रेल्वे आहे, शिवाय ठिकठिकाणी केंद्राची इतर कार्यालयं आणि केंद्रीय विद्यालयं आहेत. यातली बरीच खरेदी जेम (सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजाराच्या) पोर्टलवरून होते, आणि २०१७ पासून राज्यानंही जेम स्वीकारलेलं आहे. तिथं तुमच्या ड्युअल डेस्कचा नीट फोटो, मापं, पाइपचं गेज, बोर्डची जाडी टाकून कॅटलॉग चढवा. केंद्राच्या त्या धोरणात आणखी एक तरतूद कामाची आहे : तुमचा दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला आणि सर्वांत कमी दरवाला लघुउद्योग नसला, तर त्याच्या दराला येऊन निदान २५ टक्के माल पुरवायची संधी तुम्हाला द्यावी लागते. १०० डेस्कच्या कामात २५ डेस्क म्हणजे तुमच्या वर्कशॉपला न झेपणारं ओझं नाही, आणि अनुभवाचा कागद मात्र केंद्र सरकारचा मिळतो.

आता मिस्टरांचा मुद्दा, पैसे अडकण्याचा. त्यांचं ऐका. २०२५ साली राज्यभरच्या कंत्राटदारांच्या संघटना थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर आल्या होत्या, ते तुम्ही पेपरात वाचलं असेलच. म्हणून निविदा भरायच्या आधी एक फोन करा किंवा स्वतः जाऊन या, आणि विचारा : हे काम कुठल्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या कुठल्या खात्यातून) आहे, प्रशासकीय मान्यता झाली आहे का, निधी आला आहे की येणार आहे? ‘येणार आहे’ हे उत्तर आलं तर त्याचा अर्थ बिलाला उशीर. जिल्हा नियोजन समितीचा निधी बहुतेक जानेवारीनंतर धावायला लागतो आणि ३१ मार्चच्या आत खर्ची टाकायची घाई असते. फेब्रुवारीत निघालेल्या, आठ दिवसांत पुरवठा मागणाऱ्या आदेशाच्या मागे धावताना हे लक्षात ठेवा की ३१ मार्चला रात्री कोषागारात बिल पोचलं नाही तर तेच बिल पुढच्या वर्षाच्या तरतुदीची वाट बघत बसतं. तुमच्यासारख्या सहा कामगारांच्या वर्कशॉपनं जुलै ते नोव्हेंबरमधली कामं धरावीत असं माझं मत आहे. स्पर्धा थोडी कमी असते आणि वर्ष संपायला वेळ असतो.

बिल अडकण्याचं दुसरं कारण पोचपावत्या. चाळीस शाळांत माल उतरवताना तुमचा टेम्पोवाला घाईत असतो, मुख्याध्यापक वर्गावर असतात, शिपाई सही करतो आणि तारीख राहते. पुढे बिलाला जोडायला गेलं की लेखा विभाग विचारतो, शिक्का कुठाय, साठा नोंदवहीचं पान कुठलं? म्हणून चलनावरच छापून घ्या : मिळालेली संख्या, दिनांक, ‘साठा नोंदवही पान क्र. __ वर नोंद घेतली’, मुख्याध्यापकांची सही व शिक्का. टेम्पोबरोबर घरचं एक माणूस पाठवा. एका शाळेत अर्धा तास जास्त गेला तरी चालेल, नंतर त्याच शाळेत तीन खेपा होतात त्या वाचतील. वर्गात लावलेल्या डेस्कचा फोटोही काढून ठेवा.

त्या तारखेला आणखी एक महत्त्व आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ प्रमाणे, माल घेतल्यावर पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्याच्यापुढे बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. हे सरकारी खरेदीदारालाही लागू आहे. पैसे थकले तर ऑनलाइन अर्ज करून प्रकरण फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (अशा थकबाकीचा निवाडा करणाऱ्या सरकारी मंडळाकडे) नेता येतं, आणि कौन्सिलच्या निवाड्याला कोर्टात आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. हे हत्यार जोरदार आहे. पण प्रकरण वेळ खातं, म्हणून त्याच्या भरवशावर काम घेऊ नका. आधी साध्या भाषेत स्मरणपत्र द्या, ४५ दिवसांची तारीख त्यात लिहा, आवक शिक्का घ्या. बऱ्याचदा तेवढ्यानं फाइल टेबलावर येते. (हे सगळं माल पुरवण्याबद्दल. उद्या कुणी शेड उभारणीचं किंवा बांधकामाचं काम देऊ केलं, तर असल्या ठेक्यांना या कायद्याचा लाभ नाही असे मुंबई उच्च न्यायालयाचे निर्णय आहेत, ते ध्यानात घेऊन ठरवा.)

बिल निघालं की अडीच लाखांच्या वरच्या आदेशात २ टक्के जीएसटीचा टीडीएस कापलेला दिसेल. घाबरू नका, तो बुडत नाही. जीएसटी पोर्टलवर जाऊन ती रक्कम स्वीकारली की तुमच्या रोख खात्यात जमा होते. आपल्या उदाहरणात ते २८,८०० रुपये होतात. कित्येक छोटे उद्योजक हे स्वीकारायचंच विसरतात आणि पैसे तिथंच पडून राहतात. जमल्यास या आठवड्यातच सीएला विचारून मागचं काही राहिलंय का बघा.

सरकारी काम मिळेपर्यंत वर्कशॉप चालवायचंच आहे. ज्यांना मोठी ऑर्डर लागली आहे अशा फर्निचरवाल्यांकडून जॉबवर्क घ्या. तिथंही ४५ दिवसांचा नियम तुमच्या बाजूनं आहे, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरात अशी तरतूद आहे की सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर त्या खाजगी खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की ते स्वतःहून विचारतात, तुमचं किती बाकी आहे. सरकारी खात्यांना आयकराचा असा धाक नसतो. माझ्या मते तुमच्या वर्षाच्या उलाढालीच्या एक तृतीयांशाहून जास्त पैसा एकावेळी सरकारी बिलांत अडकलेला नसावा. मिस्टरांशी बसून हा आकडा ठरवा, कागदावर लिहा, आणि तो ओलांडला गेला तर पुढची निविदा कितीही चांगली असली तरी सोडा.

पुढच्या वेळी एखाद्या निविदेत पंधरा लाखांच्या खरेदीला पाच कोटींची उलाढाल मागितलेली दिसली, किंवा डेस्कचं वर्णन एकाच कंपनीच्या कॅटलॉगमधून उचललेलं दिसलं, तर गप्प बसू नका. निविदापूर्व बैठकीच्या तारखेआधी ईमेल करा : अमुक अट अंदाजित किमतीशी सुसंगत नाही, ती शिथिल करावी. दोन ओळी पुरतात, राग नको. कधीकधी शुद्धिपत्रक निघतं आणि अट बदलते. नाही निघालं तर त्या निविदेवर वेळ घालवू नका. पण भरून, बाद होऊन मग त्या अटीवर तक्रार केलीत तर कुणी ऐकणार नाही, कारण भरताना तुम्ही ती मान्य केलेली असते.

त्या गृहस्थांना फोनवर लांबण लावू नका. ‘आम्ही टक्केवारीवर काम घेत नाही आणि लेटरहेड देत नाही’ एवढंच सांगा आणि ठेवा. ते म्हणतील, मग तुम्हाला या जिल्ह्यात काम मिळणार नाही. असं म्हणणाऱ्यांच्या हातात वाटतं त्यापेक्षा खूप कमी असतं. बऱ्याचदा ज्याला काम लागणारच असतं त्याच्याकडेही ते ‘मी करून देतो’ म्हणत गेलेले असतात, आणि लागलं की श्रेय घेऊन टक्के मागतात. पुन्हा धमकीची भाषा आली तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि १०६४ वर कळवा.

टोकन घरी आलं, टेंडर स्टेटस बघून झालं आणि बाद होण्याची कारणं हातात आली की ते कागद मला पाठवा. डेस्कचा खरा खर्चही लिहा, मी धरलेले ३,१०० बरोबर आहेत की नाही ते मला बघायचं आहे. पाइपचा भाव आणि कोटिंगचा दर चौरस फुटाला किती पडतो हे वेगळं लिहा, म्हणजे पाच लाखांच्या आतल्या निविदेत तुम्ही कितीपर्यंत खाली येऊ शकता ते आपण मिळून काढू.